थोरल्याचा घास

गेली नऊ वर्षं मी देशवीर भाऊसाहेब स्मारक संग्रहालयाच्या तिकीट खिडकीत बसते. कर्जतहून खालापूरकडे निघालात की फाट्यावर डाव्या हाताला एक गुलाबी इमारत लागते, तीच. गुलाबी का, ते मला विचारू नका. न्यासाच्या अध्यक्षांच्या सूनबाईंनी रंग निवडला. भाऊसाहेबांनी अकरा वर्षं इंग्रजांच्या तुरुंगात काढली, त्यांना कोणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, चुना फासा आणि गप्प बसा.

खिडकीतून मी माणसं पाहिली म्हणजे किती पाहिली! शनिवार-रविवारी कळंबच्या रिसॉर्टवरून गाड्या येतात. गॉगल न काढता पहिला प्रश्न, "टॉयलेट आहे ना?" आहे की. तिकीट काढलं की आहे. मग टॉयलेटला जाऊन यायचं, वर स्वातंत्र्यलढा फुकट. एका दीडशहाण्याने भाऊसाहेबांच्या कोठडीत बायकोला गजांमागे उभं केलं आणि म्हणतो कसा, "अगं, हस ना जरा!" रसायनीकडच्या शाळांच्या सहली येतात, त्यांच्या बाई पोरांना सगळ्या दालनांतून अशा पळवतात की पोरांना भाऊसाहेबांच्या मिशा तेवढ्या दिसाव्यात. आणि जाताना वहीत काय लिहितात? "अत्यंत प्रेरणादायी." डोंबल प्रेरणादायी!

या नऊ वर्षांत मनापासून आत गेलेलं एकच माणूस मी पाहिलं, आणि तेही भाऊसाहेबांना भेटायला आलेलं नव्हतं. भागीआजी तिचं नाव. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वर डोंगरात ठाकरवाडी आहे, तिथली.

पहिल्यांदा आली ती दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाल्यावर. मी तेव्हा नोकरीला नवीनच होते. गुडघ्यापर्यंत लुगडं, गळ्यात मण्यांचे सर, पायात काही नाही. खिडकीत घामाने ओली झालेली नोट ठेवली आणि म्हणाली, "येक दे." मी तिकीट दिलं. भाऊसाहेबांचा पुतळा, जन्मघर, सत्याग्रहाचे फोटो, कशाकडे मान वळवली नाही बाईने. नीट तिसऱ्या दालनात गेली. दोन मिनिटांनी सिक्युरिटीवाला बोंबलला तशी मी धावले.

तिसऱ्या दालनात लाल दोरीच्या आत एक दगड ठेवलाय. गुडघाभर उंच, वरून चपटा. खाली पाटी आहे: "या शिळेवर बसून देशवीर भाऊसाहेबांनी भूमिगत काळात देशबांधवांना पत्रे लिहिली." त्या शिळेवर पळसाचं पान होतं, पानावर मूठभर भात, आणि ही बाई दोरी ओलांडून समोर उकिडवी बसलेली.

आता माझं आधीच सांगते. आमच्या घरात दगडाला कोणी हात जोडत नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हाऱ्यातलं सगळं उचलून पाताळगंगेत सोडलं. त्यामुळे दगडापुढे नैवेद्य दिसला की माझं डोकंच सटकतं. मी ओरडले, "ओ आजी! हे काय देऊळ वाटलं काय? उचला ते!"

तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "वरडू नको गं. त्याचा जेवान झाला का जाते मी."

"कुणाचं जेवण?"

"थोरल्याचा."

मी तिला हाताला धरून बाहेर आणलं, खिडकीमागच्या खोलीत बसवलं आणि चहा दिला. रागच आला होता, पण तिचा हात इतका हलका लागला की राग धरवेना. चहा पिता पिता तिने जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना.

तो दगड म्हणजे त्यांचा थोरला. ज्या म्हाताऱ्याने डोंगरात झाडी तोडून वाडी वसवली, तो मेल्यावर त्याच्या नावाने आंब्याखाली उभा केलेला दगड. त्यावर कोणी बसत नाही, पाय लावत नाही, पोरं खेळता खेळतासुद्धा चढत नाहीत. शेतात नवं भात आलं की पहिला घास त्याचा. तो जेवला की मग घरोघरी नवा तांदूळ शिजतो, तोवर कोणी दातालाही लावत नाही.

मग तो इथे आला कसा? तर न्यासाचे लोक गाड्या घेऊन वाडीत गेले. भाऊसाहेब बेचाळीस साली त्या डोंगरात लपले होते हे खरं. तेव्हा ह्यांना काहीतरी वस्तू पाहिजेच होती, रिकाम्या दालनात काय ठेवणार, अध्यक्षांच्या टोप्या? आंब्याखाली चपटा दगड दिसला. झालं! अध्यक्ष म्हणाले, "वा! इथेच बसत असतील भाऊसाहेब. काय हो बाबा, इथेच बसायचे ना?"

समोर उभा होता भागीआजीचा नवरा, जैतू. आता जैतूबाबाचं असं, की त्याने जन्मात पँटवाल्या माणसाला नाही म्हटलं नव्हतं. फॉरेस्टवाला विचारायचा, लाकूड तूच तोडलंस ना? हां साहेब. तलाठी म्हणायचा, जमीन वाडीची नाही ना? हां साहेब. हां म्हटलं की साहेब लवकर जातो, एवढं शहाणपण डोंगराने पिढ्यान्‌पिढ्या साठवलेलं. तो म्हणाला, "हां साहेब, बसला आसंल."

साहेब गेले, पण दगड घेऊन गेले. पहार लावून उपटला आणि टेंपोत घातला. जैतू टेंपोमागे खिंडीपर्यंत चालत गेला म्हणे. नंतर दोनदा न्यासाच्या ऑफिसातही गेला. तिथे त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "अहो बाबा, तुमच्या वाडीचा केवढा मान वाढला! आनंद झाला ना?" आणि हा पुन्हा म्हणाला, "हां साहेब."

दगड वर्षभर गोणपाटात गुंडाळून पडला होता, कारण उद्घाटनाला मोठ्या पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. त्या वर्षी थोरल्याला घास मिळाला नाही. वाडीतल्या बाकीच्यांनी वाट पाहून पाहून मोकळ्या आंब्याखाली पान ठेवलं आणि नवं खाल्लं. जैतूने नाही खाल्लं. वर्षभर रेशनच्या तांदळावर काढलं आणि पुढच्या पावसाळ्यात तापाने गेला. ताप डासाचा होता, मी काही ते दगडावर ढकलणार नाही. पण आजीच्या मनात पक्कं बसलेलं.

"मराच्या टायमाला बोल्ला मना," ती म्हणाली, "मीच हां बोल्लो, तू त्याला उपाशी ठेवू नको. मंग मी येनार नाय तर काय करनार?"

आणि त्या दगडाचं ह्यांनी काय केलं होतं माहिताय? ॲसिडने घासून शेंदूर काढला होता, भाऊसाहेब पुरोगामी होते म्हणून! वा रे पुरोगामी! ज्या दगडावर माणूस कधी बसलाच नाही, त्यावर त्याला बसवलं, आणि वर दगड घासून स्वच्छ केला.

तेव्हापासून दर वर्षी आजी यायची. मी तिला सांगून ठेवलं होतं, मंगळवारी सकाळी उघडल्या उघडल्या ये, गर्दी नसते. आत खाद्यपदार्थ न्यायला मनाई आहे, तर ती पान कमरेला खोचून आणायची. सिक्युरिटीवाल्याला मी बिडी ओढायला पाठवायची. ती घास ठेवायची, थोडा वेळ बसायची, दगडाशी काहीतरी पुटपुटायची, मग पान मी उचलायची. न मानणारी बाई मी, दर वर्षी दगडाचं उष्टं काढत होते. घरी सांगितलं असतं तर नवऱ्याने रसायनीच्या कंपनीत पाळीभर हसत सांगितलं असतं.

एका वर्षी मी विचारलं, "आजी, भाऊसाहेब खरंच कधी बसले नव्हते का गं त्याच्यावर?"

"माज्या सासऱ्यानं अकरा दिवस भाकरी नेली त्याला," आजी म्हणाली. "सासरा सांगायचा, लय गुनाचा मानूस. आमच्यासंगती भुईला बसायचा, मांडीला मांडी लावून. थोरला कोन म्हून इचारलान, आनि हात जोडलान. दगडाव बसाया त्यो काय येडा व्हता?"

सासऱ्याचं नाव संग्रहालयात कुठेही नाही. दुसऱ्या दालनात फायबरचा एक काळा माणूस उभा केलाय, हातात टोपली. खाली लिहिलंय, "आदिवासी बांधव". फायबरवाल्याने त्याला भटजीसारखं धोतर नेसवून वर उघडा ठेवलाय, ते बघून आजी एवढंच म्हणाली होती, "ह्यो बामन मरायचा का थंडीनं?"

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मनाली मॅडम आल्या. नव्या संग्रहपाल, मुंबईच्या, शिकलेल्या. मुलगी वाईट नव्हती, पण प्रत्येक गोष्टीत तिला "कथा" दिसायची. कॅमेऱ्याची जुनी चित्रं बघताना तिला सापडलं की एक आदिवासी म्हातारी दर वर्षी येते आणि फक्त भाऊसाहेबांच्या शिळेसमोर बसते. बाई अशी काही हरखली! "सुनिताताई, ही किती मोठी भक्ती आहे! पिढ्यान्‌पिढ्यांचं ऋण!" मी मूग गिळून बसले. खरं सांगितलं असतं तर आजीचं येणंच बंद झालं असतं.

त्या वेळी दोन गोष्टी एकदम ठरल्या. नोव्हेंबरात भाऊसाहेबांची जयंती मोठी करायची, आणि शिळेला काच बसवायची. कुठल्याशा कंपनीने जाड काचेची पेटी दिली होती. चारी बाजूंनी बंद, वरून पक्की. एकदा बसली की आत मुंगीलाही वाट नाही. आणि जयंतीला भागीआजीचा सत्कार करायचा, शाल आणि नारळ. तिने माइकवर एकच वाक्य बोलायचं, की भाऊसाहेब याच शिळेवर बसायचे असं माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. म्हणजे मग पाटीला पुरावा मिळाला. उंटावरचे शहाणे बरे, ह्यांचा तर उंटही कागदाचा!

मी मनाली मॅडमना एकटीला गाठलं. म्हटलं, आजी बोलेल, पण तिला शिळेवर पान ठेवता यावं म्हणून पेटीला मागून एक छोटं दार ठेवा, वर्षातून एकदा उघडू. त्या म्हणाल्या, "ती बोलली की मी अध्यक्षांकडून करून घेते. प्रॉमिस."

मग मी स्वतः, होय, मीच, रविवारी रिक्षा करून कोंडाण्याला गेले आणि वर वाडीपर्यंत चढले. आजीच्या अंगणात भात पडलेलं, नुकतंच झोडलेलं. तिने अजून नवं खाल्लं नव्हतं, मंगळवारची वाट बघत होती. मी म्हटलं, "आजी, यंदा मंगळवारी नको. जयंतीला ये. साहेब विचारतील, भाऊसाहेब ह्याच दगडावर बसायचे ना? तू हां म्हण. हां म्हटलंस की काचेला दार राहील, मग तू जन्मभर घास ठेव. नाही म्हटलंस तर काच बंद होईल. कळलं?"

तिने सुपातला तांदूळ पाखडला, कोंडा उडवला. मग म्हणाली, "बरं."

जयंतीला मांडव, फुगे, ढोल, मुंबईचे पाहुणे, तीन कॅमेरे. पाहुण्यांनी भाऊसाहेबांचं नाव दोनदा चुकवलं. अध्यक्ष पाऊण तास बोलले, त्यात अर्धा तास स्वतःच्या आजोबांविषयी. मग आजीला वर बोलावलं. धुतलेलं लुगडं नेसून आली होती. कमरेला पान खोचलेलं मला खालूनही दिसत होतं. खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या. दगड स्टेजवरच आणून ठेवला होता, गळ्यात झेंडूचा हार घालून. शेजारी काचेची पेटी तयार.

अध्यक्षांनी माइक तिच्या तोंडापुढे धरला. "सांगा आजी, भाऊसाहेब याच शिळेवर बसायचे ना?"

आजीने दगडाकडे पाहिलं. मी खाली खुर्चीच्या कडेवर. मनातल्या मनात म्हणत होते, हां म्हण गं बये, एक शब्द, म्हणून टाक.

"नाय," ती म्हणाली.

अध्यक्ष हसले. "आजींना ऐकू कमी येतं. आजी, बसायचे ना?"

"आयकू येतंय मना. नाय बसायचा. त्याव कोनच बसत नाय. आमचा थोरला हाय त्यो. माजा दादला तुमाला हां बोल्ला, त्यो खोटा बोल्ला, भिऊन बोल्ला. मी नाय बोलनार." आणि नारळ टेबलावर ठेवून तिने कमरेचं पान काढलं, दगडावर ठेवलं, आणि तिथेच सगळ्यांसमोर उकिडवी बसली. "आता त्याला जेवू द्या. मंग घाला काचंत नायतर कुटं घालता ते घाला."

काय सांगू तुम्हाला! मुंबईचे पाहुणे हसायला लागले. मनाली मॅडम रडवेल्या. अध्यक्षांचं तोंड त्या इमारतीसारखं गुलाबी झालं. मी खुर्चीवरून उठले आणि टाळ्या वाजवल्या. एकटीनेच वाजवल्या. नोकरी गेली असती, पण खिडकीत बसायला त्यांना दुसरी इतक्या कमी पगारात मिळाली नसती.

आठवड्याने न्यासाची बैठक झाली. शिळा "शंकास्पद" ठरली. ज्या दगडावर भाऊसाहेब बसले नाहीत त्याची किंमत ह्यांच्या लेखी शून्य. उचलून टॉयलेटमागे टाकला, फुटक्या कुंड्यांशेजारी. मी त्याच दिवशी निरोप धाडला. दुसऱ्या सकाळी आजीचा पुतण्या रोहिदास टेंपो घेऊन आला, सोबत वाडीतले चौघे. कोणी अडवलं नाही, उलट सिक्युरिटीवाला म्हणाला, घेऊन जा बाबांनो, घाण तरी कमी होईल. आजी पुढे बसली नाही. मागे दगडाशेजारी बसली, त्याला हाताने धरून, आणि मुसमुसून रडत होती. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू.

पण इथे काचेची पेटी आली होती, दिवे लागले होते, कंपनीच्या माणसाचा फोटो राहिला होता. पेटी रिकामी कशी ठेवणार? ठेकेदार रुपेशला सांगितलं, तसलाच दगड बघ. चौथ्या दिवशी त्याने आणला. गुडघाभर उंच, वरून चपटा. पाटी तीच. पाटी बदलायचीही लाज नाही! आणि लोक येतात, काचेला हात लावून डोळे मिटतात, वहीत लिहितात, "धन्य झालो".

यंदा दिवाळीनंतर मंगळवारी सकाळी खिडकीत बघते तर भागीआजी. मी म्हटलं, "आता कशाला आलीस गं?"

"तुज्यासाटनं," ती म्हणाली आणि पान पुढे केलं. नव्या तांदळाचा भात, वर वालाची आमटी. "थोरला जेवला आंब्याखाली. आमी बी जेवलो. आता तू खा." मी तिथेच हाताने खाल्ला. मग ती म्हणाली, "आलेच हाय तं आत बघून येते. रिकामी जागा बघाची हाय मना."

मी तिकीट घेतलं नाही, तिच्याबरोबर आत गेले. म्हटलं, बघू दे ह्यांचा तमाशा, दोघी मिळून हसू.

आजी काचेपुढे थांबली. मी म्हटलं, "बघ, तुझ्या थोरल्याच्या जागी हा धोंडा आणून बसवलाय, अन् लोक त्याच्या पाया पडतात." आणि हसले. ती हसली नाही. काचेला नाक लावून खाली वाकली, दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा वाकली. दगडाच्या बुडाशी एक चीर होती, तिथे बोट दाखवलं. चिरेत लाल काहीतरी होतं. घासूनही न निघालेलं.

"ह्यो कोनाचा गं?" तिने विचारलं.

मी तिथूनच रुपेशला फोन लावला. म्हटलं, तो पेटीतला दगड कुठून आणलास रे? तो म्हणाला, "खालापूरच्या वरनं कुठनं तरी. एका वाडीच्या बाहेर झाडाखाली होता, कोन नव्हतं तेव्हा. जरा शेंदूर होता, तो घासून दिला मी. का हो ताई, काय झालं का?"

"कुठली वाडी?"

"आता कसं आठवणार? वर्ष झालं."

मी फोन ठेवला. रुपेश काय म्हणाला ते आजीला सांगितलं. कमरेला दुसऱ्या पानात तिने स्वतःपुरता थोडा भात ठेवला होता, वाटेत खायला. तो तिने काढला, पेटीला दार नव्हतं म्हणून काचेबाहेर फरशीवरच ठेवला आणि पुढे उकिडवी बसली.

"वरसाचा उपाशी आसंल," ती म्हणाली. "ज्यांचा हाय ती मानसं गावत नाय तवर मना यावाच लागंल."